दारापासून लांबची जागा

मी जपानला कधीच गेले नाही. तरी अडीचेक वर्षं मी जपानी माणसांत राहिले, त्यांच्या पद्धतीने उठले-बसले, जेवले, आणि त्या सगळ्या काळात मी होते अंधेरीत. आमचं घर वाकोल्याला. रिक्षा केली तर अर्ध्या तासात आईच्या दारात. पण सोमवारी सकाळी त्या इमारतीचा जिना चढून गेले की मी परदेशी होत असे. हे लक्षात यायलाही मला काही महिने लागले, कारण परदेशी ते आहेत अशीच माझी समजूत होती.

जपानी भाषा मी काही ठरवून शिकले नाही. बी.ए. झाल्यावर सांताक्रूझच्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. तिथल्या मैत्रिणीने दादरच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं आणि एकटीला कंटाळा येईल म्हणून मलाही ओढलं. महिन्याभरात तिचं लग्न ठरलं, ती गेली. मी राहिले. संध्याकाळी आमच्या दोन खोल्यांत भावांचा अभ्यास, शेजारचा रेडिओ आणि आईचं शिलाई मशीन एकदम चालू असायचं. वर्गात पंखा होता आणि शांतता होती. सर वयस्क होते, पुस्तकातले संवाद पाठ करून घ्यायचे. 'आज हवा छान आहे.' 'होय, कालच्यापेक्षा छान आहे.' हे आम्ही कधी कुणाशी बोलू असं त्यांनाही वाटत नसावं.

बाबा पूर्वी गिरणीत होते. संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही, मग मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छापखान्याच्या गेटवर त्यांनी वॉचमनची नोकरी धरली. समोरच्या कारखान्यात जपानहून मशिनं आली, ती बसवायला तिकडची माणसं आली, ही बातमी त्यांनीच घरी आणली.

"बायका पण आल्यात," ते म्हणाले. "त्यांना भाषा येणारी मुलगी पायजे. राहायला."

"राहायला म्हणजे?" मी विचारलं.

राहायला म्हणजे खरंच राहायला. नवरे सकाळी जायचे ते रात्रीच परतायचे. बायकांना डॉक्टरशी, भाजीवाल्याशी, मोलकरणीशी, कुणाशीच बोलता येत नव्हतं. आधी एक मुलगी दिवसा येऊन जायची, पण अडचणी नेमक्या ती गेल्यावर यायच्या. म्हणून आता सोमवार ते शनिवार तिथेच राहणारी कुणीतरी हवी होती.

"परक्यांच्या घरात मुलगी ठेवायची म्हणजे आधी माणसं बघायला पाहिजेत," बाबा म्हणाले. त्यांनी हे कारखान्याच्या माणसालाही सांगितलं असणार, कारण पुढच्या रविवारी थोरल्या साहेबांची बायको स्वतः आमच्याकडे आली.

मे महिना होता. गळ्यापर्यंत बंद असलेला करड्या रंगाचा झगा घालून ती गल्लीतून चालत आली, मागे अर्धी वस्ती. दाराशी तिने बूट काढले, वळून खाली बसली आणि बुटांची टोकं बाहेरच्या बाजूला करून ते नीट लावले. आईने ते बघितलं. बाई कॉटवर गुडघे जुळवून बसली. आईने पोहे दिले, ते तिने सगळे खाल्ले. मी पाठ केलेली जपानी वाक्यं बोलले, तिने प्रत्येक वाक्याला मान लववली. जाताना तिने बाबांना इतकं वाकून नमस्कार केला की बाबा उठून उभे राहिले आणि काय करावं न कळून त्यांनी हात जोडले.

"कढीपत्तो पण खाल्ल्यान," आई म्हणाली. आई घरात मालवणीच बोलायची. "बाई बरी आसा. पण हसता कधी आणि रागावता कधी, काय्येक कळाचा नाय."

इमारत तीन मजल्यांची होती, मजल्यावर एक बिऱ्हाड. सर्वांत वर थोरले साहेब आणि त्यांची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यांच्याच घरात मला खोली होती. मधल्या मजल्यावर एक इंजिनिअर, तळमजल्यावर त्यांचा सहायक. आईने पहिल्या रविवारी सगळं ऐकून घेतलं आणि त्या तिघींना जावांसारखी नावं ठेवली: थोरली, मधली आणि धाकटी. तीच माझ्याही तोंडात बसली. वय तिथे मोजत नव्हते. मधल्या बाई थोरल्या बाईंपेक्षा निदान दहा वर्षांनी मोठ्या होत्या, पण त्यांचा नवरा हाताखालचा, म्हणून वाकायच्या त्या जास्त. धाकटी माझ्या वयाची, नव्या नवरीसारखी सगळ्यांच्या मागे उभी राहायची.

दर बुधवारी दुपारी थोरल्या बाईंकडे चहा असे, त्यांचा हिरवा, बिनदुधाचा. हॉलमध्ये बुटकं टेबल, त्याभोवती बसायच्या चौकोनी गाद्या. पहिल्या बुधवारी मी सवयीने दारापाशी बसू लागले तर थोरल्या बाईंनी मला हाताने आत, भिंतीकडच्या गादीवर नेलं. दारापासून सर्वांत लांबची जागा ती. मग मी बुधवारी तिथेच बसू लागले. धाकटी दाराशी बसून चहा ओतायची, पहिला कप मला द्यायची. मी एकदा उठून किटली घ्यायला गेले तर तिघी एकदम म्हणाल्या, "तुम्ही बसा, तुम्ही बसा." मी वाकोल्याला येऊन हे कौतुकाने सांगितलं. पगारी नोकर असून मला मानाची जागा देतात, म्हटलं.

माझं सगळ्याच गोष्टींत कौतुक व्हायचं. काड्यांनी भात उचलला की, "वा, किती छान जमतं तुम्हाला." फोन घेतला की, "किती शुद्ध बोलता तुम्ही." घरात घालायच्या सपाता वेगळ्या आणि संडासात घालायच्या वेगळ्या, एकदा मी संडासातल्या सपाता घालून थेट हॉलमध्ये गेले. तिघींनी बघितलं. कुणी काही बोललं नाही. थोरल्या बाई हसून म्हणाल्या, "आज तुम्ही फार दमलेल्या दिसता." मी खरंच सांगितलं की हो, बँकेत बराच वेळ उभी होते.

आमच्याकडे चुकलं की आई तिथल्या तिथे ओरडते, शेजारीणसुद्धा ओरडते. इथे कुणी मला टोकत नव्हतं, म्हणजे माझं काही चुकत नाही, असा मी अर्थ घेतला. मग हळूहळू दिसायला लागलं की धाकटीला मात्र सारखं टोकतात. कप कसा ठेवला, दार कसं लोटलं, उत्तर द्यायला उशीर का लावला. तिच्याशी बोलताना, जपानीत क्रियापदाच्या शेवटी आदराचं शेपूट लावतात ते गळून पडायचं. माझ्याशी बोलताना ते लांब व्हायचं. माझ्या समोर बसून त्या तिघी एकमेकींशी अर्ध्या वाक्यांत बोलायच्या आणि माझ्याकडे वळल्या की पुन्हा पूर्ण, स्वच्छ, पाठ्यपुस्तकातली वाक्यं. मी तिथे राहत होते, पण पाहुणी म्हणून. पाहुणी सहा महिने राहिली तरी पाहुणीच असते.

या कौतुकाचा अर्थ मला धाकटीनेच सांगितला. एका दुपारी तिच्या स्वयंपाकघरात मी फ्रीजवाल्याचं म्हणणं तिला जपानीत सांगत होते, तो गेल्यावर ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

"तुम्ही आमच्या आजोबांसारखं बोलता," ती म्हणाली. "म्हणजे आजोबा भाषण करायचे तेव्हा."

"मग सगळ्या जणी छान छान का म्हणतात?"

"असं म्हणायचं असतं. मी तुमच्या देशाची भाषा बोलले तर तुम्ही नाही म्हणणार?"

मी म्हटलं, आम्ही आधी हसू आणि मग सुधारू. तिला ते फार आवडलं. तेव्हापासून ती माझी भाषा सुधारू लागली, आणि मी तिला बाजारात लागणारी मराठी शिकवू लागले. 'कसं दिलं', 'ताजं आहे का', 'राहू दे'. ती समुद्राकाठच्या लहान गावातली होती, वडील मासेमारी करणारे. तिच्या गावची बोली निराळी. थोरल्या बाई राजधानीतल्या. त्यांच्यासमोर बोली तोंडातून निघेल या भीतीने ती जेवढ्यास तेवढंच बोलायची. मी तिला सांगितलं की माझी आई शाळेत बाईंना भेटायला यायची तेव्हा असंच करायची, मालवणी बाहेर पडू नये म्हणून नुसती मान हलवायची. मग ती तिच्या बोलीत आणि मी मालवणीत, तिच्या ओट्यापाशी आम्ही एकमेकींना एकेक शब्द सांगत बसायचो. कळायचं थोडंच. पण ती त्या वेळेपुरती मोकळी व्हायची.

गणपती झाल्यावर तिचं जेवण कमी झालं. बुधवारी चहाचा कप तोंडाला लावून तसाच ठेवू लागली. थोरल्या बाईंनी तिच्यासाठी तळलेले मासे, अंड्याचे प्रकार, जपानहून आलेल्या डब्यातलं काय काय खाली पाठवलं. ती आभार मानायची, अर्धी वाकून डबा घ्यायची आणि दार लावल्यावर बेसिनकडे धावायची. मला दिसत होतं ते मी तिला विचारलं.

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "आधी माझे यजमान थोरल्या साहेबांना सांगतील. मशिन चालू झाल्यावर. आता कामाची गर्दी आहे."

"आणि तोवर खाणार काय?"

ती म्हणाली, घरचं काहीतरी पांढरं, पातळ, साधं खावंसं वाटतं. तिने एक शब्द सांगितला, तो मला माहीत नव्हता. तिने हाताने पातेलं ढवळल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी थोरल्या बाई साहेबांबरोबर बाहेर गेल्या होत्या. मी धाकटीला रिक्षात घातलं आणि वाकोल्याला घेऊन गेले. यामागे मी काही विचार केला होता असं नाही. आमच्या गल्लीत कुणाची सून खात नसेल तर तिला दुसऱ्या कुणाच्या तरी घरी नेऊन बसवतात, एवढंच.

आईने तिच्याकडे एकदा पाहिलं. "कितवो म्हयनो?" तिने मला विचारलं.

"मी काही बोलले नाही अजून," मी म्हटलं.

"तुका कशाक बोलूक व्हया? माका डोळे नाय?"

आईने उकड्या तांदळाची पेज केली, वर मीठ, आणि बरणीतली मिठाच्या पाण्यातली कैरी फोडून दिली. धाकटीने वाटी तोंडाजवळ नेली आणि थांबली. मग सावकाश सगळी पेज प्यायली, कैरीची कोय चोखून काढली, आणि डोळ्यांतून पाणी येत असताना वाटी पुढे केली. त्यांच्याकडेही आजारपणात भाताची अशीच पेज करतात, बरोबर खारवलेलं आंबट फळ खातात, हे तिने मला नंतर सांगितलं. आईला सांगायची गरज पडली नाही. तिने वाटी पुन्हा भरली होती.

त्यानंतर आम्ही जमेल तेव्हा जायचो. धाकटी आईच्या शिलाई मशीनशेजारी खाली बसून काजं करून द्यायची. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या. बाबा घरी असले की गॅलरीत जाऊन बसायचे.

थोरल्या बाईंना कळलं ते कंपनीच्या ड्रायव्हरकडून असावं. त्याने आम्हाला रिक्षातून उतरताना पाहिलं होतं. पुढच्या बुधवारी चहा ओतून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "वाकोल्याला या दिवसांत हवा कशी असते?"

"चांगली असते," मी म्हटलं. "या पण आल्या होत्या परवा. त्यांना आवडली."

धाकटीने खाली बघितलं. मधल्या बाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. थोरल्या बाई म्हणाल्या, "अस्सं. फार छान." आणि बिस्किटांची थाळी माझ्याकडे सरकवली. नंतरचे आठ-दहा दिवस त्यांच्या बोलण्यातला आदर इतका वाढला की काही क्रियापदं मला समजेनात. सरांनी ती शिकवली नव्हती. धाकटी दुपारी दार उघडेनाशी झाली. आतून म्हणायची, "झोपलेय."

मी मधल्या बाईंना गाठलं. त्यांना विचारलं, थोरल्या बाई माझ्यावर रागावल्यात का? त्यांनी बराच वेळ टाके मोजले.

"तुमच्यावर कशा रागावतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाहुण्या आहात. पण या इमारतीतल्या बायकांची जबाबदारी त्यांच्यावर आहे. त्यांच्या हाताखालची मुलगी जेवायला बाहेर जाते, याचा अर्थ काय होतो?"

रविवारी मी हे घरी सांगितलं. मधल्या बाईंच्या सल्ल्याप्रमाणे मिठाईचा पुडा घेऊन जावं, खाली बसून माफीचं ठरलेलं वाक्य म्हणावं, की संपलं.

"माफी कसली?" बाबा म्हणाले. "पोरीला खायला घातलं, चोरी केली काय? नाय मागायची माफी." बाबा संपात पहिल्यापासून शेवटपर्यंत होते, माफीचा विषय निघाला की ते असंच बोलत.

आई कपडा कापत होती. ती म्हणाली, "तिच्या घरातली पोर आपण नेली आणि तिका सांगूक नाय. माझ्या सुनेक कोणी असा नेला असता तर मी त्याच्या दारात जावन भांडलंय असतंय. ती भांडणा नाय, ह्या तिचा बरेपण." कात्री ठेवून ती म्हणाली, "मी येतंय."

सोमवारी आई माझ्याबरोबर अंधेरीला आली. ठेवणीतलं पाचवारी पातळ, एका हातात उकड्या तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात कैरीची बरणी. थोरल्या बाईंनी तिला दारापासून लांबच्या गादीवर बसवलं. चहा आला. आईने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवून माझ्याकडे वळली.

"ह्यांका सांग, तुमची पोर आमच्याकडे येवन जेवली. मी जेवूक घातलंय, तुमका इचारूक नाय. ता माझा चुकला."

मी मला येत असलेल्या सर्वांत आदराच्या भाषेत ते सांगितलं. थोरल्या बाई वाकल्या. आई पुढे बोलू लागली.

"पण पोर उपाशी ऱ्हवता आणि तुमका दिसणा नाय, ह्या काय बरा नाय. आता मी दाखवतंय, तुमीच करून घाला. मगे ती कशाक येतली?"

मी म्हटलं, "आई म्हणते, तिला तुमची काळजी वाटते आणि तिने तांदूळ आणलेत."

थोरल्या बाईंनी आईच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "त्या याहून जास्त बोलल्या," त्या म्हणाल्या. "सगळं सांगा."

मग मी सगळं सांगितलं, आणि माझ्याकडे तेवढे आदराचे शब्द शिल्लक नव्हते म्हणून साध्या भाषेत सांगितलं, धाकटीने मला ओट्यापाशी शिकवलेल्या. थोरल्या बाईंनी हात मांडीवर घट्ट जुळवले. आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलताना त्यांच्या क्रियापदाचं शेपूट गळालं.

"तू मला आधी का सांगितलं नाहीस?"

मी म्हटलं, तिनेच नको म्हटलं होतं.

"ती नको म्हणणारच. तू माझ्या घरात राहतेस. तुला डोळे आहेत. मला सांगायचं काम तुझं होतं." आणि त्या थांबल्या नाहीत. फोन वाजला की त्यांच्या आधी मीच बोलते. मी जेवताना काड्या भातात उभ्या खोचून ठेवते, तसं फक्त मेलेल्या माणसासाठी करतात. मी दार पायाने लोटते. मी संडासातल्या सपाता घालून हॉलमध्ये आले होते. हे शेवटचं बोलताना त्यांचा आवाज चढला. मे महिन्यापासून त्यांनी सगळं बघितलं होतं, आणि पाहुणीला काय सांगायचं म्हणून ठेवून दिलं होतं.

"काय म्हणता ती?" आईने विचारलं.

"रागावतेय."

"पोरीवरून?"

"सगळ्यावरून. आल्यापासूनचं."

"रागावांदे," आई म्हणाली आणि तिने चहा संपवला.

मला वाईट वाटलं का, ते आता नक्की आठवत नाही. हलकं वाटल्याचं आठवतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. पण कानही तापले होते.

नंतर आई स्वयंपाकघरात गेली आणि तिने पातेलं चढवलं. थोरल्या बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. पाणी किती, तांदूळ किती, आई हाताने दाखवत होती. पेज शिजायला लागल्यावर थोरल्या बाईंनी आईच्या हातातून पळी घेतली आणि अगदी सवयीच्या हाताने ढवळू लागल्या.

"हे मला येतं," त्या मला म्हणाल्या. "आमच्याकडे प्रत्येकीला येतं. एवढ्या वेळात झालं असतं. मी तिला तळलेले मासे पाठवत होते." मग म्हणाल्या, "तिने मागितलं नाही."

आईने विचारलं म्हणून मी ते सांगितलं.

"सून सासूकडे पेज मागता काय?" आई म्हणाली.

हे मी भाषांतर केलं नाही, आणि या वेळी त्यांनीही विचारलं नाही. वाडगा झाकून त्या स्वतः खाली घेऊन गेल्या. तो धाकटीच्या हातात देताना काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी जिन्यातच थांबले होते.

त्या बुधवारी मी हॉलमध्ये गेले तर माझी गादी दाराशी होती आणि भिंतीकडच्या गादीवर धाकटीला बसवलं होतं, पाठीला उशी देऊन. मी दाराशी बसले आणि चहा ओतला. थोरल्या बाईंनी घोट घेतला.

"पाणी उकळतं घातलंस," त्या म्हणाल्या. "चहा कडू झाला."

त्या दिवसापासून माझी भाषा छान आहे असं तिथे कुणी म्हटलं नाही. रोज काहीतरी चुकत होतं आणि रोज कुणीतरी सांगत होतं. मधल्या बाईसुद्धा. वाकताना मान मोडायची नाही, पाठ वाकवायची. हो म्हणताना चटकन म्हणायचं. पाहुण्यांचे बूट वळवून ठेवायचे. जे धाकटीचं होतं ते सगळं माझ्याकडे आलं, कारण तिला आता काम करू देत नव्हते. एकदा मोठ्या साफसफाईसाठी रविवारी थांबायला सांगितलं, तेही विचारल्यासारखं नाही, गृहीत धरून. घरच्या माणसाला कोण विचारतं? मला हेच हवं होतं आणि ते मिळालं होतं. तरी पायाला मुंग्या येईपर्यंत दाराशी बसून किटली सांभाळताना कधी कधी भिंतीकडची जागा आठवायची. तिथे पंख्याचा वारा लागायचा.

त्यालाही मर्यादा होती, तीही कळली. जपानहून मोठ्या हुद्द्याचे दोघे जण जेवायला आले. मी सवयीने किटलीकडे गेले तर थोरल्या बाई पुढे आल्या, "तुम्ही इकडे बसा," म्हणाल्या, आणि मला पाहुण्यांच्या शेजारी बसवलं. दोघांनी माझ्या भाषेचं फार कौतुक केलं. मी मान लववून आभार मानले. ते गेल्यावर मधल्या बाईंनी मला भांडी पुसताना सांगितलं की बाहेरच्यांसमोर इथल्या मुलीला कामाला लावलेलं बरं दिसलं नसतं. "आत तू आमची," त्या म्हणाल्या. "बाहेरचे आले की तू पाहुणी." आपल्याकडेही घरात एक आणि चारचौघांत एक असतंच, त्यामुळे मला ते फारसं लागलं नाही. पण कोणत्या क्षणी आत आणि कोणत्या क्षणी बाहेर, ते मला शेवटपर्यंत आपसूक उमगलं नाही. दर वेळी कुणाच्या तरी चेहऱ्याकडे बघावं लागायचं.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची रीत त्यांच्याकडेही आहे. सातव्या महिन्यात धाकटीचं जायचं ठरलं. आईने निरोप पाठवला की जाण्याआधी तिची ओटी भरू. या वेळी तिने थोरल्या बाईंना विचारलं, माझ्याकरवी, आणि त्यांनी त्यांच्याच हॉलमध्ये करायला सांगितलं. आईने नारळ, तांदूळ, खण, हळकुंडं, सुपारी आणली. थोरल्या बाई प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारत होत्या, हे कशासाठी? आई म्हणाली, "माका काय म्हायत? आमच्यात घालतत." मी हे जसंच्या तसं सांगितलं आणि थोरल्या बाई मोठ्याने हसल्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी ओंजळभर तांदूळ घेतले आणि एकही दाणा बाहेर पडू न देता धाकटीच्या पदरात घातले. पदर माझ्याच साडीचा होता, तिला नेसवलेल्या. धाकटी काहीतरी भरभर बोलली. तिच्या गावच्या बोलीत होतं, सगळ्यांसमोर. मधल्या बाईंनी थोरल्या बाईंकडे बघितलं. थोरल्या बाई म्हणाल्या, "हळू बोल. मला कळलं नाही. पुन्हा सांग."

तिला मुलगी झाली. ती परत आली नाही. नवरा काम संपल्यावर तिकडेच गेला. काही वर्षं नवीन वर्षाला कार्ड यायचं, त्यावर मुलीचा फोटो असायचा, मग ते बंद झालं. त्यांचा पत्ता बदलला असेल. आमचाही बदलला. भावांनी मालाडला घर घेतलं आणि आई-बाबा तिकडे गेले.

मशिनं चालू झाली, मरोळची मुलं ती चालवायला शिकली, आणि उरलेली दोन्ही बिऱ्हाडंही परत गेली. सहार विमानतळावर आई आली होती. थोरल्या बाई तिच्यासमोर वाकल्या; आईने त्यांचे दोन्ही हात धरले आणि धरूनच ठेवले, त्यामुळे त्यांना नीट सरळ होता येईना आणि वाकताही येईना. त्या तशाच उभ्या राहिल्या. मला त्या म्हणाल्या, "सर्दी करून घेऊ नकोस."

आठवड्याने कारखान्याचा एक माणूस फ्लॅट ताब्यात घ्यायला आला, त्याला दाखवायला मला बोलावलं होतं. तिन्ही मजले रिकामे. फरशीवर टेबलाच्या पायांचे चार फिकट ठिपके होते. त्याने नळ सोडून बघितले, खिडक्या बघितल्या.

"तुम्ही राहिलात ना इथे त्यांच्यात?" तो म्हणाला. "कशी असतात हो ही माणसं?"

त्याने खाली रिक्षा थांबवून ठेवली होती, घाईत होता.

"शिस्तीची," मी म्हटलं.

"तेच," तो म्हणाला. "शिस्त म्हणजे जपान." आणि त्याने पंख्याचं बटण दाबून बघितलं.